बिजौलीच्या पुढचा प्लॉट आणि न शिजलेली डाळ

मंडळी, आधी माझी ओळख करून देते, म्हणजे पुढचं वाचताना 'ही बाई भोळी असणार' असं कुणी म्हणायला नको. बँकेत होम लोनच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली आहेत मी. कागद पाहिल्याशिवाय ही देवाच्या अर्जावरही सही करणार नाही, असं आमचे बाबा म्हणतात. अंगात येणं, करणी, झाडावरची बाई... सगळ्याची टिंगल करण्यात आयुष्य गेलं. इथले अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात क्वेरी काढत असते. आता स्वतःच्याच अनुभवावर क्वेरी काढून थकले, म्हणून लिहितेय.

आम्ही झाशीचे. पूर्वज पेशवाईत इकडे कारकुनीला आले आणि राहिले. पुण्याचे नातेवाईक आमचं मराठी ऐकून हसतात, आणि इथले शेजारी अजून आम्हाला 'दक्खिनी' म्हणतात. दोन्हीकडे पाहुणेच. दतिया गेटजवळ एका घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि बाबा भाड्याने राहत होतो. बाबा शाळेत क्लार्क होते, आता एक्याऐंशीचे आहेत. आई सहा वर्षांपूर्वी गेली. माझं लग्न झालं नाही, तो विषय इथे नको.

यंदा होळीनंतर घरमालकांनी हात जोडले — नातवाला खाली दुकान आणि वर गोदाम करायचंय, दिवाळीपर्यंत घर मोकळं करा. माझा धाकटा भाऊ मिलिंद पुण्यात असतो. तो म्हणाला, "ताई, बिजौलीच्या पुढे एक नवीन कॉलनी पडतेय. फॅक्टऱ्या जवळ, म्हणजे भाडेकरू मिळणार. तू प्लॉट बघ आणि रिपोर्ट दे. चांगला असेल तर दोन मजली बांधू, खाली तुम्ही, वर भाडेकरू. नसेल तर बाबांना मी पुण्याला नेतो."

नीट विचार करा, मला काय वाटलं असेल. माझी नोकरी अजून आठ वर्षं, मला झाशी सोडता येत नव्हती. बाबा गेले की घरात मराठी बोलायला भिंतीच उरणार. मला बाबा इथेच हवे होते, आणि त्यासाठी तो प्लॉट पास व्हायला हवा होता. बाबांना विचारलं तर ते नुसतं म्हणायचे, "तुम्ही दोघं ठरवाल तसं."

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी गेले. ब्रोकर शर्माजी सोबत होते. "दीदी, पाँच साल में शहर यहीं आ जाएगा," हे वाक्य मी आजवर झाशीच्या चारी दिशांना ऐकलंय, शहर काही त्या वेगाने कुठे जात नाही. मी माझ्या पद्धतीने पाहिलं. रस्ता पावलांनी मोजला, कागदावर सांगितला होता त्यापेक्षा चार पावलं कमी. विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. नालीचा पत्ता नाही. आणि मुख्य म्हणजे रस्ता वर, प्लॉट खाली. पावसात आख्ख्या कॉलनीचं पाणी कुठे येणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. दुसऱ्या कुणाची फाइल असती तर मी तिथेच लाल शेरा मारला असता.

शर्माजींनी कोपऱ्यातली बोअरची मोटर चालू केली. जवळ चौकीदाराची झोपडी होती, तिला कुलूप होतं. मी बाटलीभर पाणी घेतलं. शर्माजींना वाटलं लॅबला देणार. मी तसंच वाटू दिलं, खरं कारण सांगायची लाज वाटली.

कारण म्हणजे आई. बाबांच्या बदल्यांमुळे आणि घरमालकांच्या लहरींमुळे आम्ही सात घरं बदलली, आणि प्रत्येक घर घेण्याआधी आई तिथलं पाणी डाळीने तपासायची. बुंदेलखंडात एका गल्लीत पाणी गोड आणि पुढच्या गल्लीत असं खारं की तुरीची डाळ जन्मात शिजायची नाही. आईचं म्हणणं, जिथे वरण होत नाही तिथे आपण राहायचं नाही. मग ती रॉकेलचा स्टोव्ह आणि पितळी पातेलं घेऊन त्या रिकाम्या घरात जायची, मी पिन आणि काडेपेटी घेऊन मागे. घरमालकीण दारात उभी, "काय बाई साब, अब दार पका कें मकान देखौगी?" बुंदेलीत दार म्हणजे डाळ. आई हसायची, पण स्टोव्हला पंप मारायची थांबायची नाही. कुकर नाही, सोडा नाही, मीठ तर शेवटपर्यंत नाही. पातेल्यावर ताटली, ताटलीत पाणी. आणि घड्याळ न बघता पावकीपासून औटकीपर्यंत सगळे पाढे दोनदा म्हणायची. तेवढ्यात डाळ मऊ झाली तर घर पास. मला ते अपूर्णांकांचे पाढे शाळेत कुणी शिकवले नाहीत, रिकाम्या खोल्यांत बसून मी ते आईच्या तोंडून ऐकले. तेव्हा कंटाळा यायचा. आता त्यातली एखादी दुपार परत मिळाली तर मी बँकेतून बिनपगारी रजा टाकीन.

घरी आले तर बाबा वाट बघत होते. "पाणी आणलंस?" बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं चढवलं. पाढे दोनदा झाले, तिसऱ्यांदा झाले. डाळ तशीच टणक, दाणा बोटात दाबला तर तुटायचा, विरघळायचा नाही. बाहेर बाबांच्या खुर्चीचा आवाज येत होता...

आणि मी ते केलं. ती डाळ खिडकीतून मागच्या बोळात गाईसाठी ओतली, नवीन डाळ घेतली, आमच्या नळाचं पाणी घातलं आणि वरण केलं. बाबांना वाढलं. दोन घास खाऊन ते म्हणाले, "छान शिजलंय." मी मान हलवली आणि रात्री मिलिंदला रिपोर्ट पाठवला. त्यात नालीबद्दल एक अक्षर नव्हतं. रस्ता-प्लॉटच्या उंचीबद्दल 'थोडी भर घालावी लागेल' एवढंच. त्याच्या आयुष्यभराच्या बचतीचा प्रश्न होता, आणि मी, जी परक्यांच्या फायलींत स्वल्पविराम शोधते, सख्ख्या भावाला खोटं लिहून शांत झोपले. हे कुणालाही माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, आणि स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पुढच्या शनिवारी मिलिंद बयाना, म्हणजे इसार, द्यायला आला. रविवारी सकाळी आम्ही तिघं प्लॉटवर गेलो. मिलिंद आणि शर्माजी टेप घेऊन मापं घ्यायला लागले. ऊन चढलं होतं, म्हणून मी बाबांना झोपडीच्या सावलीत खाटेवर बसवलं. या वेळी चौकीदाराची बायको घरी होती. नाव रामकली, पस्तिशीची असेल. तिने लोट्यातून पाणी आणलं. आमचं आपसातलं बोलणं ऐकून ती थबकली.

"बाई साब, आप औरें दक्खिनी हौ?"

म्हटलं, हो.

"तौ बे आपई के घर की हुइएँ. मंगल खों आईं हतीं. आपई जैसो बोलत हतीं."

मी विचारलं, कोण? ती सांगायला लागली आणि मी खाटेची दोरी धरून ठेवली. मंगळवारी दुपारी, म्हणजे मी पाणी नेल्यानंतर दोनच दिवसांनी, एक वयस्क बाई आली. पितळेचं पातेलं घेऊन. म्हणाली, बिटिया, चूल पेटलेली आहे तर थोडी डाळ शिजवू दे. बोअरचं पाणी घेतलं. रामकली मीठ टाकायला गेली तर हात धरला. "ऊपर सें थारी ढाँक दई, औ थारी में पानी भर दओ. हमने कई, अम्मा, जौ का कर रईं? बे हँसन लगीं. फिर बैठीं-बैठीं कछू गिनत रईं. हमाई समझ में कछू नईं आओ."

"फिर?" हे बाबांनी विचारलं.

"फिर का, दार गलीई नईं. इतै को पानी तौ खारो है, हम तौ पीबे को पानी सड़क के नल सें ल्याउत. हमने कई, अम्मा, घर के आदमियन खों बता दियो, प्लाट न लेबें. तौ बे बोलीं, बताबे की जरूरत नईंयाँ, बिन्नू खों पतो है."

बिन्नू म्हणजे लेक. आई मला याच नावाने हाक मारायची. पण झाशीत निम्म्या मुलींना बिन्नू म्हणतात, त्यामुळे हा पुरावा म्हणून मी मांडत नाही.

बाबांनी हातातला लोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "ते वरण आपल्या नळाचं होतं ना?"

"तुम्हाला कसं..."

"बावीस वर्षं त्या पाण्याचं वरण खातोय मी. पहिल्या घासालाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही इथेच राहायचं होतं गं." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "म्हटलं, तू ढकलते आहेस तर ढकलू दे. पण मिलिंदचे कष्ट आहेत त्यात. आणि मी तुझ्याजवळ राहिलो असतो तरी किती दिवस?"

मी तिथेच रडले. रामकली बिचारी घाबरून आणखी पाणी घेऊन आली.

मिलिंदला मी सगळं सांगितलं, पाणी, नाली, उताराचंही. त्या बाईचं सोडून. तो म्हणाला, "ताई, खाऱ्या पाण्याला आरओ मिळतो. पण तू मला खोटं लिहिलंस?" महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. जूनमध्ये तो बाबांना घेऊन गेला. स्टेशनवर बाबांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. मी आता स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत राहते आणि संध्याकाळी फोनवर त्यांच्याशी पोटभर मराठी बोलून घेते.

आता क्वेऱ्या. शर्माजींना विचारलं — त्या मंगळवारी प्लॉट दाखवायला कुणालाही नेलं नव्हतं. झाशीत आपली मराठी घरं उरली किती, सगळ्यांकडे चौकशी केली. बिजौलीकडे कुणी फिरकलं नव्हतं. रामकलीला आधी कुणी काही सांगितलं असेल म्हणावं तर सांगणार कोण? आणि एक गोष्ट माझ्या विरुद्धही जाते, ती लपवत नाही. रामकली म्हणते ती बाई उंच होती. माझी आई ठेंगणी, माझ्या खांद्याला लागायची. मोबाईलमधला आईचा फोटो दाखवला तर रामकलीने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हो सकत." बँकेत एवढ्यावर मी कुणाला कर्ज दिलं नसतं.

गेल्या महिन्यात मी एकटीच परत तिच्याकडे गेले. एकच विचारायचं होतं. ती रागावली होती का?

"नईं बाई साब. बड़ी खुस हतीं. चलत बखत हमाए मूँड़ पै हाथ फेरो." रामकलीने स्वतःच्याच डोक्यावरून हात फिरवून दाखवला, कपाळापासून मागे, आणि शेवटी कानामागची बट सारखी केली. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवायची तो नेमका असाच, पण हे रामकलीला कुठून कळणार.

ती कोण होती याचं स्पष्टीकरण मिळेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगू, आता ते मी मागतही नाही. मला फक्त एवढंच कळत नाही... सहा वर्षं मी तिची वाट पाहिली, आणि ती माझ्या घरावरून पुढे जाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी चुलीपाशी का बसली?