भालचंद्ररावांच्या घरातली गळती

जालन्यात टाकीभर पाणी म्हणजे चेष्टा नव्हे. नळ रोज येत नाही. आला की हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची आणि मग जपून वापरायचं. एकट्या माणसाला तेवढं पुरून उरावं. भालचंद्ररावांची टाकी मात्र सकाळी भरली की दुपारी ठणठणीत कोरडी.

"बाबा, तुमच्याकडूनच नळ उघडा राहतो," पुण्याहून पार्थ फोनवर म्हणाला.

"मी काय कुकुलं बाळ आहे? घरच कुठंतरी गळून राह्यलंय."

"बरं, रविवारी येऊन बघतो. गळत असेल तर दुरुस्त करू. नसेल तर मात्र तुम्ही आमच्याकडं यायचं. आई गेल्यापासून सांगतोय, एकटं राहणं आता बराबर न्हाई."

झालं. आपलं घर गळकं निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेला गावातला हा पहिलाच गृहस्थ असावा.

भालचंद्रराव कामाला लागले. संडासाच्या फ्लशमध्ये नीळ टाकून बघितली. खाली भांड्यात निळा थेंबही उतरला नाही. पलंग सरकवून भिंतीवरून हात फिरवला. मोरीमागच्या भिंतीला स्टीलचा पेला लावून कान टेकला. या शेवटच्या परीक्षेला तसा काही अर्थ नव्हता, कारण तो कान कधीच कामातून गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. हे ते कुणाला सांगत नसत.

शनिवारी टाकी भरण्याआधी त्यांनी घरातल्या सगळ्या तोट्या तपासल्या. मोरीतली उघडीच होती. खाली घागर. ते तिथंच थांबले. ही जुनी सवय. नळ कोरडा असला की तोटी उघडी सोडून खाली घागर ठेवायची, म्हणजे पाणी आल्याबरोबर घागर वाजते. आवाज ऐकून त्यांच्या पत्नी रमाबाई धावत जायच्या. आता सवय तेवढी मागे राहिली होती, ऐकणारं माणूस गेलं होतं. टाकी संपली की ते तोटी उघडी सोडत, सकाळी मोटर लावत आणि पुढच्या अंगणात पेपर वाचत बसत. मागे मोरीतून सगळं पाणी वाहून जाई.

तरी त्यांनी आशा सोडली नाही. चूक आपली असेल, पण थोडी घराचीही असेलच की! टाकी भरली, तोट्या घट्ट बंद केल्या, पाण्याच्या रेषेवर खडूने खूण केली आणि दिवसभर शेजारच्या वंदनाच्या ओट्यावर जाऊन बसले.

संध्याकाळी बघितलं तर पाणी खुणेपासून हललं नव्हतं. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. भालचंद्ररावांना रडू आलं.

मग ते खाली गेले आणि पाना घेऊन आले. टाकीखालच्या पाइपाचा जोड दोन-चार हिसके देऊन सैल केला. पाण्याची धार लागली.

"काका, काय करून राह्यले वर?" वंदनाने ओट्यावरून विचारलं.

"गळती सापडली!" ते खालच्यांना ऐकू जाईल असं ओरडले.

रविवारी पार्थ आला. जोडाला हात लावून म्हणाला, "चुकलं माझं, बाबा. उगाच तुम्हाला बोललो." त्याने पाना घेऊन जोड आवळला. भालचंद्ररावांनी केलेलं पिठलं-भाकरी जेवला. जेवताना तो म्हणेल, 'तरी चला की बाबा,' म्हणून त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं. "न्हाई रे, मी इथंच बरा." पार्थ पाइपाच्या किमतीबद्दल बोलत राहिला.

निघताना त्याने फाटकाशी उभं राहून बायकोला फोन लावला. "अगं, खरंच गळत होतं. नाही, नाही, बाबा इथंच राहतायत." एवढं सांगताना त्याचा चेहरा किती मोकळा झाला, ते भालचंद्ररावांनी पाहिलं.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते हात हलवत होते. पार्थने आग्रह करावा आणि आपण नाही म्हणावं, एवढंच आपल्याला हवं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.