कळसच्या माळावरचा मुक्काम

डाळजला हायवे सोडून पाण्याच्या अंगाला वळलं, की वहिदा मुलाणीचं घर लागतं. पुढं लिंबाची सावली, मागं पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या आणि गवताच्या पट्ट्यापलीकडं उजनीचं बॅकवॉटर. थंडीत त्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. त्यांच्या मागोमाग गळ्यात कॅमेरे अडकवलेली पुण्या-मुंबईची माणसं येतात.

वहिदाचा नवरा फारुक याची क्रूझर जीप आहे. आधी तो वऱ्हाडं आणि बाजारकरी न्यायचा. पुढं पक्षी बघायला आलेल्यांना काठापर्यंत सोडायला लागला, आणि ही माणसं मुक्कामाला जागा शोधत असतात हे त्यानं घरी येऊन सांगितलं. खोल्या बांधायचं वहिदानं ठरवलं. तिचं माहेर बारामतीचं. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि लग्नाआधी ती तिथं बसायची. गिऱ्हाईक बोलतं एक आणि त्याच्या मनात असतं दुसरंच, हे ती तिथं शिकली होती. तरी पाहुण्यांच्या बाबतीत पहिल्यांदा तिचा अंदाज साफ चुकला.

पहिलं कुटुंब पुण्याहून आलं. नवरा-बायको आणि दोन मुली. वहिदानं त्यांच्यासाठी सगळं आखून ठेवलं होतं. पहाटे बोट, मग गुऱ्हाळ, मग द्राक्षाची बाग, दुपारी माशाचं जेवण, ऊन उतरल्यावर बैलगाडी आणि अंधार पडला की शेकोटी. दोन्ही दिवस असेच गेले. निघताना ती बाई गाडीत बसता बसता म्हणाली, "सगळं फार छान होतं. फक्त बसायला नाही मिळालं हो."

गाडी गेल्यावर वहिदा बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. फारुकला म्हणाली, "काय चुकलं माझं? त्यास्नी नुसतं बसायचं हुतं म्हनं."

"बसायला हितवर कोण येतं?" फारुक म्हणाला.

"तीच आली हुती. मला कळलं न्हाय."

त्यानंतर तिनं विचारायची पद्धत बदलली. फोन आला की काय काय बघायचंय हे ती विचारत नसे. रोजच्या कुठल्या गोष्टीचा कंटाळा आलाय, एवढं विचारायची. बाकीचं ती स्वतः ठरवायची. एक प्राध्यापकबाई बोलून बोलून थकलेल्या होत्या. त्यांच्याशी जेवताना कुणी बोलायचं नाही, अशी ताकीद तिनं घरात सगळ्यांना दिली. भोसरीच्या एका कारखानदाराचा फोन तिनं त्याच्याच सांगण्यावरून कपाटात ठेवला, आणि दुपारी त्यानं तो मागितला तेव्हा दिला नाही. तो चिडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो काठावर चादर टाकून पालथा झोपलेला फारुकला दिसला. अशी माणसं पुन्हा येऊ लागली, आणि येताना आणखी कुणाला घेऊन येऊ लागली.

भाकरी करायला शेजारची स्वरूपा यायची. तिचं माहेर बारामतीजवळ पिंपळीला. तिची आई प्रयागबाई एका हिवाळ्यात लेकीला भेटायला आली आणि लेक कामावर असते कुठं, हे बघायला वहिदाच्या अंगणात आली. प्रयागबाई साठी उलटलेली, विधवा, अंगानं काटक. मुलगा कुंडलिक ऊस आणि गोठा बघायचा, पण गोठ्यात तिचा शब्द चालायचा.

सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. लिंबाखाली बाजेवर एक पाहुणी तोंडावर ओढणी घेऊन झोपली होती. प्रयागबाईनं तिच्याकडं बघत आवाज खाली आणला.

"आजारी हाय का गं ती?"

"न्हाय मावशी. सुट्टीवर आलीया," वहिदा म्हणाली.

"मग निजलीया का?"

"निजायलाच आलीया."

प्रयागबाई खाली टेकली. चहा आला, तो तिनं बशीत ओतून प्यायला. बाजेवरची बाई कूस बदलून पुन्हा झोपली. मग प्रयागबाई म्हणाली, "मी दिवसा निजलेली मला दोनदाच आठवतीया. एकदा टायफाइड झाला तवा, आन् एकदा कुंडलिकच्या टायमाला. धडधाकट असताना निजल्याली आठवत न्हाय."

"देवाला तर जाता की."

"जातो की. पहाटं उठायचं, डबं बांधायचं, गाडीत कोंबायचं, रांगंत उभं ऱ्हायाचं, आन् आल्यावर समद्यांची धुणी. त्यात निजायचं कुठं?"

वहिदानं तिला तिथंच बोलावलं. चार दिवस या, म्हणाली. पण लेकीच्या गावात येऊन पाहुण्यासारखं पडून राहणं प्रयागबाईला पटेना. लेकीच्या सासरचे काय म्हणतील, हा तिचा प्रश्न खराच होता. तेव्हा वहिदानं दुसरी जागा शोधली. कळसला माळाच्या कडेला इंद्रजितराव नावाच्या ओळखीच्या बागायतदाराचं शेतघर होतं. घरचे लोक गावात राहायचे, शेतघर रिकामंच असायचं. पुढं नजर पोचेल तिथपर्यंत वाळलेलं गवत आणि मधे मधे बाभळी. सकाळ-संध्याकाळ त्या गवतातून हरणं जातात. पिंपळीहून जीपनं तासाभराची वाट, पण कुणाची सोयरीक नाही आणि कुणाची ओळख नाही.

प्रयागबाई एकटी जाणार नव्हती. तिनं भावकीतल्या भागूबाईला तयार केलं. भागूबाईच्या सुनेनं तर सासूची पिशवी स्वतः भरून दिली. कुंडलिकला मात्र हे समजेना.

"कुठल्या देवाला?" त्यानं विचारलं.

"देवाला न्हाय."

"मग कुणाकडं?"

"कुणाकडं न्हाय. ऱ्हायाला चाललीया."

"आगं पर कशासाठी?"

प्रयागबाईनं तो प्रश्न बाजूला सारला. मशिननं धारा काढायच्या गाई तो बघेल, गडी आहे, सून आहे, तीन दिवसांचा तर प्रश्न, असं तिनं त्याला सांगितलं. संक्रांत झाली आणि फारुक जीप घेऊन पिंपळीला गेला.

कळसला पोचल्यावर वहिदानं दोघींना अंगणात बसवलं आणि स्वयंपाकाला सांगितलेली बाई दाखवली. इथं भाकरी करायची नाही, भांड्याला हात लावायचा नाही, धुणं धुवायचं नाही, असं तिनं हसत पण पक्कं सांगितलं. दोघींनी माना डोलवल्या. तासाभरानं वहिदा मागच्या दारी गेली, तर भागूबाई शेतघराच्या कडेचं गवत खुरपत होती आणि प्रयागबाई आल्या वाटेत धुळीनं मळलेलं लुगडं बादलीत घालायच्या बेतात होती. वहिदानं खुरपं काढून घेतलं. लुगडंही काढून घेतलं आणि तसंच घडी करून पिशवीत ठेवलं.

"वास मारतंय गं ते. गोठ्यातनं तशीच उठून आले," प्रयागबाई म्हणाली.

"मारू द्या. हितं कोण हाय हुंगायला?"

पहिली दुपार दोघींना जड गेली. झोप येईना. हात मोकळे ठेवायचे कसे, हे कळेना. भागूबाईनं उगाच पदराची टोकं पिळली, दोनदा उठून रिकामा रांजण बघून आली. ऊन कललं तेव्हा वहिदा त्यांना माळावर घेऊन गेली. तिथंही ती काही दाखवत नव्हती. एका बाभळीखाली तिनं सतरंजी टाकली आणि स्वतः पाठ टेकून बसली. थोड्या वेळानं गवतातून पाच-सहा हरणं निघाली, थांबली, यांच्याकडं बघून पुन्हा चरत चरत पुढं गेली. भागूबाई त्यांच्याकडं बघत बसल्या जागीच कलंडली आणि घोरायला लागली. प्रयागबाईला आधी हसू आलं. मग तिनंही पाय पसरले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळेला मोटरसायकल आली. कुंडलिक होता. त्याचा चेहरा उतरला होता आणि पँटवर शेणाचे डाग होते. तो उतरला तो थेट आईपुढं येऊन उभा राहिला.

"आये, चल. हरणी धार दीना."

हरणी ही प्रयागबाईची गावठी गाय. बाकीच्या गाईंना मशिन लागायचं, पण हरणी मशिनजवळ उभी राहत नसे. तिला प्रयागबाईचाच हात लागायचा. नुकतीच ती व्यायली होती, म्हणून तीन दिवस वासरूच तिला पिईल असं प्रयागबाईनं धरलं होतं.

"वासरू सोडून बघितलं का?" प्रयागबाईनं विचारलं.

"बघितलं. वासरू थोडंसंच पितंय. तुझ्या सुनंनं बसून बघितलं, तर बादली लाथाडली. मी बसलो, मला लाथाडलं. काल सांजंपासनं कास दगडावत चाललीया. बस गाडीवर."

प्रयागबाई उठली. आत जाऊन तिनं पिशवी आणली. भागूबाई पण उठली, आता आपलंही आवरायचं असं धरून. वहिदा मधे पडली नाही. पुढं एकदा स्वरूपानं तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, की त्या वेळी आपण काय बोलायचं हे सुचलंच नाही. गाय अडलेली होती, तिथं सुट्टीचं काय सांगणार?

प्रयागबाईनं पिशवीतून कालचं न धुतलेलं लुगडं काढलं आणि कुंडलिकच्या हातात दिलं.

"हे घे."

"हे काय?"

"निसायचं. डोईवरनं पदर घ्यायचा, तोंड झाकायचं आन् डाव्या अंगाला बसायचं. बोलायचं न्हाय. तुझा आवाज वळखती ती. माझा वास लागला की सोडंल पान्हा."

कुंडलिक लुगड्याकडं बघत राहिला. "मी लुगडं निसू?"

"तुझी आजी बाळंतपणाला गेली हुती तवा तुझा आजा निसला हुता. समद्या गावात ठावं हाय."

"लोक हसत्याल, आये."

"हसत्याल."

"तू चल की. तासाभराचं तर काम."

प्रयागबाईनं पिशवी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "मी आले तर सांजंला परत यायची न्हाय, हे तुला बी ठावं हाय आन् मला बी. तू निसून बघ. न्हाईच जमलं तर फोन कर, तवा मी येते."

वहिदानं चहा पुढं केला, तो कुंडलिकनं घेतला नाही. लुगडं पिशवीत कोंबलं आणि गाडीला किक मारली.

त्या सकाळी प्रयागबाई माळावर गेली नाही. अंगणातच बसून राहिली. वहिदाचा फोन वाजला की मान वर करायची. भागूबाई तिला म्हणाली, "जायचं हुतं गं." उन्हं वर आली तेव्हा कुंडलिकच्या बायकोचा फोन आला. वहिदानं फोन प्रयागबाईच्या कानाला लावला. सून हसू दाबत बोलत होती. हरणीनं आधी हुंगलं, अंग थरथरवलं, पण लाथ मारली नाही. निम्म्याच्या वर बादली भरली. कास मऊ पडली. गडी गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता आणि धन्यानं त्याला शिव्या देऊन हाकललं, पण शिव्या दिल्यामुळं आवाज ओळखून गाय पुन्हा अडली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

प्रयागबाईनं फोन वहिदाला दिला. अंगणातल्या बाजेवर ती भिंतीकडं तोंड करून पडली आणि जेवणापर्यंत उठली नाही. झोपली होती का, हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोघी आपण होऊन बाभळीखाली गेल्या. लहानपणी हुरड्याला जायच्या त्या रानांची नावं एकमेकींना विचारत बसल्या. परत निघताना भागूबाईनं माळावरचं कुसळ पायातून काढलं आणि म्हणाली, "बरं वाटलं." एवढंच.

पिंपळीत कुंडलिकला लोकांनी महिनाभर छळलं. पारावर गेला की कुणीतरी विचारायचं, आज कुठल्या रंगाचं? तो आईशी फार दिवस तुटक बोलत होता. प्रयागबाईनं त्याला समजावलं नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून पुन्हा आपणच धारेला बसायचं, असंही केलं नाही. एक वेळ ती बसायची आणि एक वेळ तो. पावसाळ्यापर्यंत हरणी त्याला लुगड्याशिवाय उभी राहू लागली. पारावरची थट्टा हळूहळू संपली, कारण तोवर दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी निघालं.

वहिदाकडं मात्र या गोष्टीमुळं बायका विचारायला लागल्या. पिंपळीहून, कळसहून, डाळजमधूनही. सगळं सुरळीत झालं नाही. दुसऱ्या खेपेला नेलेल्या जावा-जावा पहिल्याच रात्री भांडल्या आणि सकाळी दोन वेगळ्या गाड्यांनी घरी गेल्या. एका बाईच्या नवऱ्यानं वहिदाला फोन करून नको ते ऐकवलं. फारुक तेव्हा म्हणाला, "सोड हे. शहरातली बरी." तिनं सोडलं नाही, पण त्या बाईला पुन्हा कधी नेलंही नाही. प्रयागबाई दर संक्रांतीनंतर जाते. भागूबाई दुसऱ्या वर्षी गेली, तिसऱ्या वर्षी गुडघ्यामुळं राहिली.

मागच्या थंडीत फारुकची जीप पिंपळीतून सहा बायका घेऊन निघाली. त्यातली एक, नवीनच, कालव्याच्या पुलापाशी आल्यावर म्हणाली, "भाभी, गाडी थांबवा. मला न्हाय जमायचं." पुढं बसलेल्या प्रयागबाईनं मागं वळून बघितलं. वहिदानं कारण विचारलं नाही. फारुकनं गाडी कडेला घेतली. ती बाई पिशवी घेऊन उतरली, पदर सारखा केला आणि गावाकडं चालायला लागली. वहिदा खिडकीतून थोडा वेळ बघत राहिली. बाई एकदा थांबली, पण वळली नाही.

"चला," वहिदा म्हणाली, आणि जीप कळसच्या रस्त्याला लागली.