यादीत नाव नसलेला अध्यक्ष

माझं लग्न वैशाखात होतं आणि मी सौदीत, खफजीच्या कॅम्पात अध्यक्ष होतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड का याव्यात, हे त्या काळी मी गावाकडच्या कुणालाही समजावून सांगू शकलो नाही. होणाऱ्या सासऱ्यांना तर नाहीच. त्यांचं पत्र आलं होतं, ‘एकदा तारीख पुढे ढकलली ती आम्ही मान्य केली. या वैशाखात नाही जमलं तर आम्ही मोकळे.’ पत्राच्या खाली, कोपऱ्यात, मुलीनं बारीक अक्षरात एक ओळ घातली होती. ‘आमच्या गावचे सरपंचसुद्धा रजा घेतात.’

आता बोला!

आमच्या कॅम्पात बासष्ट मराठी माणसं. फिटर, वेल्डर, सुतार, रंगारी. मी पाइप फिटर, कऱ्हाडकडचा. तेलाच्या कामाला तेव्हा नुसता ऊत आला होता आणि कंपनीला एक माणूसही सोडवत नसे. दीड वर्षानं सुट्टी असं कागदावर होतं, पण दर दोन महिन्यांनी फक्त पाच जण सोडायचे. कुठले पाच, यावरून इतकी भांडणं झाली की आमच्या लेबनीज कॅम्प बॉसनं एक दिवस हात झटकले. म्हणाला, तुम्ही तुमचा एक अध्यक्ष निवडा, त्यानं यादी द्यावी, मी सही करतो, खलास.

पहिले अध्यक्ष झाले ते मेस्त्री. मालवणकडचे सुतार, पन्नाशीचे, कमी बोलणारे. दोन वर्षं तेच यादी करायचे. त्यांच्या काळात कॅम्पात तारांचं पीक आलं होतं. ‘आई सीरियस, ताबडतोब निघा.’ ही तार भाऊच पाठवायचा, इकडून पत्र लिहून सांगितलेलं असायचं. एकाची आई तर वर्षात तीनदा सीरियस झाली आणि तिसऱ्या तारेच्या आठवड्यातच तिनं लोणच्याची बरणी पाठवली. शेवटी मेस्त्री वैतागले. तार घेऊन कुणी आलं की त्याच्यासमोर फाडायचे आणि रंधा मारायला लागायचे.

आणि मग एका यादीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं! त्यांचा नंबर नव्हता. कुणाला काही न सांगता गेले आणि दोन महिन्यांनी आले. तोवर मी इकडे रान पेटवलं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, अंगात नुसता जोर. ते आले त्या शुक्रवारी मेसमध्ये सभा बोलावली आणि बासष्ट माणसांसमोर त्यांना चोर म्हणालो. हो, याच शब्दात. मेस्त्री टोपी घालून बसले होते. काही बोलले नाहीत. मला वाटलं, बोलणार काय? पकडला गेलाय.

टाळ्या पडल्या आणि अध्यक्ष कोण? मीच. मग मी नियम लिहिले. वहीच्या पानावर, निळ्या शाईत, आणि मेसमधल्या थंड पाण्याच्या मशीनशेजारी चिकटवले. तार चालणार नाही, फक्त नंबर. अध्यक्षाचं नाव यादीत येणार नाही. सहा महिन्यांची एक मुदत, अशा दोनच मुदती, त्यानंतर चिठ्ठी काढून नवा अध्यक्ष. दोन मुदती पूर्ण करणाऱ्याचं नाव पुढच्या यादीत पहिलं, मध्येच सोडणाऱ्याचं तळाला. लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागे जाऊन ते पान पाहिलं होतं. काय माझी छाती फुगली होती, विचारू नका.

नियम लिहिले तेव्हा माझा स्वतःचा नंबर महिन्यावर आला होता. तो गेला. लग्न पुढे ढकललं ते त्यामुळेच. पण म्हटलं, एक वर्ष. पाडव्याला दोन मुदती संपतात, पहिलं नाव माझं, सौदीतून बाहेर पडायच्या व्हिसाच्या शिक्क्याला तीन आठवडे, वैशाखात बोहल्यावर. बोटांवर मोजून ठेवलं होतं.

पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर सभा भरली. मला वाटलं चिठ्ठ्या काढायच्या. मी तर चिठ्ठ्यांसाठी पत्र्याचा डबासुद्धा धुऊन ठेवला होता. तेवढ्यात आमचा इलेक्ट्रिशियन उठला. हा माणूस कानाला ट्रान्झिस्टर लावून जगायचा आणि कुठल्या देशात काय चाललंय ते सगळ्यांना, कुणी विचारलेलं नसताना, सांगायचा.

“मी ठराव मांडतो,” तो म्हणाला. “दोन मुदतींची अट रद्द करावी. आपल्याला इतका प्रामाणिक अध्यक्ष मिळालाय तर त्याला काढायचं कशाला?”

टाळ्या. अरे, टाळ्या काय वाजवता!

“मला नको आहे,” मी म्हणालो.

“हाच तर मोठेपणा!” इलेक्ट्रिशियन म्हणाला. पुन्हा टाळ्या.

मी म्हटलं, अरे बाबांनो, अट कशासाठी घातली होती? एकाच माणसाच्या हातात यादी राहिली की तो शेफारतो म्हणून. तर एक वेल्डर म्हणतो, “तुम्ही शेफारला नाहीत ना, मग अट कशाला?” दुसरा म्हणतो, अट चोरांसाठी असते. हे म्हणताना त्यानं मेस्त्रींकडे बघितलं. इलेक्ट्रिशियननं तर जगभरची यादीच वाचली. अमक्या देशात अट काढली, तमक्या देशात राष्ट्राध्यक्ष मरेपर्यंत राष्ट्राध्यक्ष असतो, देश कसा शिस्तीत चालतो.

“त्यांना वैशाखात लग्न करायचं नसतं!” मी ओरडलो.

हसले सगळे. हसले! मी सासऱ्यांचं पत्र खिशातून काढून वाचून दाखवलं. सरपंचाची ओळ वगळून. तर समोरून सल्ला आला की लग्नाचं काय एवढं, पुढच्या वर्षीही मुहूर्त असतात. मुलगी कुठं पळून जातेय? हे सांगणारा माणूस तीन पोरांचा बाप. माझ्या खोलीतला जोडीदार, ज्याला माझ्या लग्नाची बनियनच्या नंबरापर्यंत सगळी माहिती होती, तोही मान खाली घालून बसला. मी त्याच्याकडे बघितलं तर हळूच म्हणतो, “भाऊ, तुझ्यासारखी यादी कुणाला जमायची नाही बघ.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना माझं प्रेम वगैरे काही नव्हतं. अट राहिली तर चिठ्ठी निघणार, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याचं नाव वर्षभर यादीतून जाणार. साठ माणसं त्या पत्र्याच्या डब्याला घाबरून माझा जयजयकार करत होती. बरं, यांचं चुकलं म्हणावं तर पुढच्या पाचांत ज्यांचा नंबर होता त्यांच्या घरी पत्रं गेलेली, कुणाचं बाळ अजून बघायचं राहिलेलं. चिठ्ठीला मीही घाबरलो असतो. पण हे तोंडावर कबूल करायचं की नाही? ते नाही. म्हणे प्रामाणिक! म्हणे मोठेपणा!

मी शेवटचा उपाय केला. म्हटलं, ठीक आहे, अट काढा, पण मग अध्यक्षाचं नाव यादीत नसण्याचा नियमही काढा. मला माझ्या नंबरानं जाऊ द्या. दोन महिन्यांनी येतो आणि मग मरेपर्यंत अध्यक्ष राहतो.

इलेक्ट्रिशियननं जीभ चावली. “काय बोलताय अध्यक्ष? मग तुमच्यात आणि आधीच्यांत फरक काय राहिला?”

मी कपाळाला हात लावला. हे माझंच वाक्य होतं. वर्षापूर्वी मीच शिकवलेलं.

हात वर करून मत झालं. विरोधात दोन हात. एक माझा. दुसरा मागच्या बाकावरून, मेस्त्रींचा. तो हात बघून माझा पारा जो चढला! म्हटलं, “तुमचा काय संबंध? पुन्हा यादी हातात हवीय वाटतं?”

मेस्त्रींनी हात खाली घेतला.

ठराव पास झाला. मी म्हणालो, पास करा, पण मी उभा राहणार नाही. मग राहणार कोण? चिठ्ठी तर रद्द झालेली. एकेकाकडे बघितलं, एकेकानं ताटातलं खरकटं न्याहाळलं. कुणीतरी पाण्याच्या मशीनपाशी जाऊन माझं पान मोठ्यानं वाचलं, ‘मध्येच सोडणाऱ्याचं नाव तळाला’. मी म्हटलं, मध्येच कुठे, दोन मुदती झाल्या की! तर म्हणे, मुदतच राहिली नाही, आता जे सोडाल ते मध्येच. या माणसांना कंपनीनं वेल्डिंगला का लावलं होतं देव जाणे, कोर्टात उभी करायची होती.

“मी राहतो उभा,” मागून आवाज आला.

मेस्त्री.

एकच गलका उठला. हा? पुन्हा हा? मेस्त्री शांतपणे म्हणाले, “नाव काढा माझं यादीतनं.”

माझा जोडीदार न राहवून म्हणाला, “मेस्त्री, गणपतीत तुमचा नंबर आहे ना?”

“होता.”

मालवणचा माणूस, आणि गणपतीचा नंबर सोडतो! मला तर पक्कं वाटलं, काहीतरी डाव आहे. पण दुसरं कुणी उठेना. नाव जाण्यापेक्षा चोर परवडला असं साठ जणांनी मनातल्या मनात ठरवलं आणि मेस्त्री बिनविरोध अध्यक्ष झाले.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. यादी आता ज्या माणसाच्या हातात, त्याला मी सगळ्यांसमोर चोर म्हणालेलो, आणि परवा सगळ्यांसमोरच पुन्हा टोमणा मारलेला. माझ्याच नियमानं तो मला तळाला टाकू शकत होता आणि कुणी चकार शब्द काढला नसता. मी मनात सासऱ्यांना पत्र लिहायला घेतलं होतं. ‘आपण मोकळे आहात’ या वाक्यापाशी दर वेळी अडायचो.

सोमवारी दुपारी जेवायला मेसमध्ये आलो तर मशीनपाशी गर्दी. मेस्त्रींच्या वाकड्या अक्षरात पाच नावं. पहिलं माझं.

मी जेवलो नाही. तसाच यार्डात सुतारांच्या शेडकडे गेलो. मेस्त्री फळीला रंधा मारत होते. मी आभार मानायला गेलो होतो, पण माझा स्वभाव! तोंडातून निघालं, “हे कशासाठी?”

“लग्न आहे ना तुझं?”

“नियमाप्रमाणे माझं नाव तळाला जाऊ शकत होतं.”

“होय रे. नियम वाचलेत मी. रोज पाणी पिताना वाचतो.”

मग विचारलं, वर्षापूर्वीच विचारायला हवं होतं ते. “मेस्त्री, तुम्ही तेव्हा मध्येच गावाला का गेला होतात?”

त्यांनी रंधा बाजूला ठेवला. फळीवरचा भुसा हातानं झाडला.

“तार आली होती,” ते म्हणाले. “आई सीरियस.”

मला पहिल्यांदा हसूच आलं, इतकी त्या शब्दांची सवय झाली होती. मग त्यांचा चेहरा बघितला.

“मग दाखवायची होती की तार!”

“कुणाला दाखवू? या हातानं सगळ्यांच्या तारा फाडल्या. माझीच तेवढी खरी, असं कुठल्या तोंडानं सांगू? नाव लिहिलं नि गेलो.”

सभेतली ती टोपी मला तेव्हा आठवली. शुक्रवारची सुट्टी, मेसमध्ये पंखे चालू, आणि हा माणूस पूर्ण वेळ टोपी घालून बसलेला. उतरवली असती तर जेमतेम पेरभर वाढलेले केस बघून कॅम्पातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. साठ जणांपैकी एकानंही विचारलं नाही. मी तर नाहीच, मी भाषण करत होतो.

मला लाज वाटली. अजून वाटते.

“मेस्त्री,” मी म्हणालो, “भेट झाली का?”

“या अशाच यादीत नाव घातलं होतं. पण शिक्क्याला तीन आठवडे लागतात, तुला माहीत आहे.” त्यांनी पुन्हा रंधा उचलला. “पोचलो तेव्हा तेरावं होऊन आठ दिवस झाले होते. केस तरी काढतो म्हटलं, ते काढले. तू आज शिक्क्याचा अर्ज टाक मेल्या, उद्यावर नको टाकू.”