फिका पडलेला नारिंगी

प्रयोगशाळेत सगळे तिला मणीताई म्हणत. नाव साहेबांनी पाडलेलं. ही बाई डीएनएच्या माळा ओवते, फक्त गळ्यात घालता येत नाहीत, असं ते पाहुण्यांना सांगत.

काम तसंच होतं. यंत्राला चार बाटल्या: ए, टी, जी आणि सी. प्रत्येकीत एका जातीचे मणी. मणी म्हणजे साखरेचा रेणू, त्याला फॉस्फेट आणि चार रासायनिक अक्षरांपैकी एक. साखर-फॉस्फेटचा दोरा सगळीकडे सारखाच, फरक काय तो अक्षरांचा. एच्या समोर टीच बसतो, जीच्या समोर सीच. म्हणून मण्यांचा तुकडा बरोबर ओवला तर तो जंतूच्या डीएनएवर नेमक्या जागी चिकटतो. इस्पितळात एक तान्ही मुलगी तापाने फणफणली होती, जंतू कोणता ते कळेना, आणि चाचणी या तुकड्यावाचून अडली होती.

प्रत्येक नव्या मण्याच्या डोक्यावर टोपी असते. ती उतरली की नळीतून नारिंगी द्रव वाहतो. रंग गडद, म्हणजे मणी नीट बसला. पहिला सी जोडून झाला, टोपी उतरली, आणि नळी जेमतेम पिवळसर दिसली.

सीची बाटली दुपारी मणीताईनेच बदलली होती. नेमका तेव्हाच सासूबाईंचा फोन आला, धाकट्याला पुन्हा उलटी झाली म्हणून. झाकण उघडं राहिलं. किती वेळ, तिलाच आठवेना. या मण्यांना हवेतला ओलावाही बाधतो, मग ते जोडलेच जात नाहीत.

यंत्र मुकाट पुढे चाललं होतं. तिने ते बंद केलं आणि साहेबांना गाठलं.

"चांगले तुकडे गाळून काही हाती लागेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. बाटली माझ्याच हातून खराब झालीय. पहिल्यापासून ओवावं लागेल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. इस्पितळात फोन तिनेच केला. डॉक्टरीणबाईंनी आधी फैलावर घेतलं, मग आवाज उतरला. "तुम्हाला मुलं आहेत का हो?"

"आहेत," इतकंच ती म्हणाली.

नळ्या धुतल्या, नवी बाटली कोरड्या वायूखाली लावली, झाकण दोनदा तपासलं. पुन्हा पहिला मणी. पुन्हा सी. टोपी उतरली आणि नळी गर्द नारिंगी झाली. शेवटच्या मण्यापर्यंत ती तिथून हलली नाही. मगच तिने इस्पितळाला कळवलं की पहाटे माणूस पाठवा.

नंतर धाकट्याचं विचारायला घरचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना.