दिल्लीत मान खाली घातलेला माणूस

मूल गावच्या बाजारात मी वाळलेले झिंगे निवडत होते. विकणारी ढीवरीण आमच्याच गावची. तागडी उचलता उचलता ती म्हणाली, "बाई, सोमाभाऊ गेला ना... ताप आला होता." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस!" आणि पिशवी तिथंच विसरून चालायला लागले. सोमा पेंदाम, बांबू तोडणारा माणूस, आमच्या जंगल मजूर संघाचा कार्यकर्ता, आणि ज्या गावात मी मास्तरीण होऊन गेले तिथला माझा पहिला सोबती. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. संपादकांनी त्याच्यावर लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी टाळलं. मला त्याच्या आठवणीनं रडू कमी येतं, राग जास्त येतो. गेलेल्या माणसाच्या लेखात राग बरा दिसत नाही म्हणतात. न दिसेना का!

गावात मी नवी होते तेव्हाची गोष्ट. मोहाच्या झाडाखाली गावाची सभा बसायची. पाटील विषय काढायचा, मग ज्याला बोलायचं तो बोलायचा. मी उठून म्हटलं, उद्यापासून शाळा सकाळी भरवू या, चालेल ना? सगळे गप्प. कुणी गवताची काडी मोडतंय, कुणी मान खाली घालून बसलंय. मला वाटलं, झालं काम! दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत मी आणि घंटा, दोघीच. पोरं आयांबरोबर मोहफुलं वेचायला गेलेली. दुपारी सोमाभाऊ पायरीवर येऊन बसला आणि पोट धरून हसला. "बाई, गाव तुमाले नाई म्हनला ना! ऐकलं नाई काऊन?" तेव्हा कळलं. पटलं तर इथली माणसं मोठ्यानं होय म्हणतात. नाही पटलं तर कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. तो विचारणाऱ्याचा अपमान, आणि पाहुण्याचा तर फारच. मान खाली घालायची आणि गप्प राहायचं. पाटील जरा वाट पाहतो, तंबाखू मळतो, दुसरा विषय काढतो. पहिली गोष्ट तिथंच पडते. पुढं मला याची इतकी सवय झाली की बोलघेवड्या माणसांचाच कंटाळा येऊ लागला.

हीच रीत सोमाभाऊनं वकीलसाहेबांनाही समजावली होती. वकीलसाहेब म्हणजे आमच्या संघाचे अध्यक्ष, नागपूरचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, लिहावंसं वाटतही नाही. त्यांनी ती रीत चांगली ध्यानात ठेवली. चांद्याच्या एका व्याख्यानात त्यांनी टेबलावर मूठ आपटून विचारलं होतं, "या माणसांचं मौन म्हणजे नकार असतो, हे सरकारला कधी कळणार?" केवढ्या टाळ्या पडल्या! माझ्याही होत्या त्यात. सोमाभाऊ तर असा बघत होता, जणू त्याचा धाकटा भाऊच बोलतोय.

त्याच सुमारास दिल्लीचं निघालं. जंगलांच्या कारभाराबद्दल देशोदेशींच्या सरकारांना सल्ला देणारं एक आंतरराष्ट्रीय मंडळ होतं. नवे स्वतंत्र झालेले देश भराभर त्याचे सभासद होत होते. सरकारी साहेबांच्या जोडीनं जंगलात राहणाऱ्यांच्या संघटनांनाही त्यात थोड्या खुर्च्या ठेवल्या होत्या, आणि त्यातली एक वकीलसाहेबांच्या खटपटीनं आमच्या संघाला मिळाली. आमच्यासाठी त्या खुर्चीचा अर्थ सरळ होता. जंगल लोकांना बंद करायच्या आधी कुणीतरी आम्हाला विचारणार. सभेनं मोठ्यानं होय म्हणून सोमाभाऊला निवडलं. इंग्रजी समजावायला वकीलसाहेब सोबत. निघताना सोमाभाऊची बायको, जाईबाई, मोहाचे लाडू बांधून देत होती आणि हा आरशात पागोटं बघत होता. मी म्हटलं, "भाऊ, नवरदेव दिसता!" तर म्हणतो, "मंग! सगळ्या जंगलाची वरात घेऊन चाललो ना बाई!"

परत आला तो खुशीतच. सगळं मला पायरीवर बसून सांगितलं. तिथं प्रश्न निघाला की सभासद देश वाढले, टेबल अपुरं पडतं, तेव्हा संघटनांच्या खुर्च्या बंद कराव्या आणि सरकारांनी आपापले सल्लागार आणावे. हे वकीलसाहेबांनी त्याच्या कानात नीट सांगितलं. मग मंडळाच्या अध्यक्षांनी काही विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, "विचारतात, कुणाला काही म्हणायचं आहे का?" आणि आमच्या माणसानं आमच्या माणसासारखंच केलं. "मी मान खाली घातली बाई. एक शबद बोललो नाई. तिथल्या साहेबानं वाट पाह्यली, मंग दुसरी गोष्ट काढली. पडली ना ती गोष्ट!" बाहेर आल्यावर त्यानं वकीलसाहेबांनाही विचारलं होतं, आता थांबलं ना? त्यांनी पाठ थोपटली होती. गावात कोंबडी कापली, ढोल वाजला. मीही जेवले.

पावसाळा सरल्यावर चांद्यात वकीलसाहेबांचा सत्कार ठरला. त्या मंडळावर सरकारचे सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. सोमाभाऊ आणि मी पुढच्याच रांगेत. वकीलसाहेब छान बोलतात, त्या दिवशीही बोलले. म्हणाले, "संघटनांच्या जागा बंद करायला खुद्द लोकांच्या प्रतिनिधींनीही हरकत घेतली नाही. मौनं संमतिलक्षणम्!" सोमाभाऊनं मला हळूच विचारलं, "बाई, काय म्हनून राह्यले?" मी सांगितलं. त्याला कळेना. पुन्हा सांगितलं... त्याचा चेहरा मला आजही बघवत नाही. सभा संपल्यावर तो गर्दीतून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, तुमाले तं मालूम होतं."

"अरे सोमा, ती दिल्ली. तिथले नियम निराळे."

"मंग मले तवाच सांगाचं होतं ना."

वकीलसाहेब दुसऱ्या कुणाचा तरी हार घ्यायला वळले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. रक्तही दिसलं नाही.

पुढं गावामागच्या टेकडीवरचं जंगल बंद झालं. पाटी लागली, कुणी काही विचारलं नाही. गावानं सोमाभाऊला दोष दिला नाही, पण पुन्हा कुठं बोलायला पाठवलंही नाही. सभेत तो कडेला बसायचा. मी चिडायचे, "भाऊ, त्या माणसाला शिव्या तरी द्या!" तर म्हणायचा, "शिव्या देऊन काय होते बाई... मी त्याले घरचा समजलो होतो." याचा मला त्याच्यावरही राग आहे. एवढं चांगलं कुणी असू नये.

तो गेल्यावर संघानं गावातच शोकसभा घेतली. वकीलसाहेब जीपनं आले. गहिवरले, रुमाल काढला, "माझा उजवा हात गेला" म्हणाले. रुमाल खिशात जातो न जातो तोच पुढचं निघालं. संघाच्या समितीवरची सोमाची जागा रिकामी ठेवून चालणार नाही, नागपूरचे आपले एक होतकरू सहकारी आहेत, त्यांना घेऊ. "कुणाची हरकत नाही ना?"

सगळं गाव मान खाली घालून बसलं. पाटलानं तंबाखू मळायला घेतली. वकीलसाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हसून म्हणाले, "तर मग सर्वानुमते—"

"हाये."

बायांमधून जाईबाई उठली होती. उभ्या जन्मात ती सभेत बोलली नव्हती. डोईवरचा पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "माही हरकत हाये, साहेब."

मागून एक म्हातारा म्हणाला, "माही बी." मग आणखी कुणी, मग कितीतरी. ते नाव त्या दिवशी मंजूर झालं नाही. जीप गेली तेव्हा पाटील माझ्याकडं बघून ओशाळल्यासारखं हसला. पाहुण्याला तोंडावर नाही म्हटलं होतं ना गावानं!

मी जाईबाईबरोबर तिच्या घरी गेले. मी विचारलं, "हे बोलायचं धाडस कुठून आणलंस ग?" तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं सोमाभाऊची बसायची जागा. भिंतीचं सारवण त्याच्या गुडघ्यांनी झिजलेलं.

"चांद्याहून आल्यापासून रोज तिथी बसे, भितीकडं तोंड करून," ती म्हणाली. "'माही हरकत हाये, साहेब.' कधी हळू म्हने, कधी जोरानं. मी म्हनो, भितीले काऊन सांगता? तं म्हने... दिल्लीले सांगून राह्यलो."