सहावा डाव जावयाचा

झरीच्या सरजाबाईंनी आयुष्यभर अंगणवाडीत पोरं सांभाळली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाट्याला गल्लीतली मोठी माणसं आली. ही काही बढती नव्हती. अंगणवाडीतली पोरं निदान खिचडी खाऊन झोपत तरी होती.

या माणसांना त्यांच्या ओट्यावर गोळा केलं ते एका इंग्रजी खेळानं. मोबाईलमध्ये रोज पाच अक्षरांचा एक शब्द लपलेला असतो, तो सहा डावांत ओळखायचा. बरोबर जागेवर बसलेलं अक्षर हिरवं होतं, शब्दात नसलेलं काळं पडतं. त्या दिवशी साऱ्या जगाला तोच शब्द. हा खेळ त्यांना पाठवला सेलूच्या विहीणबाईंनी, मंजुषाबाईंनी. त्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. खेळासोबत त्यांनी लिहिलं होतं, "जमलं तर बघा." ते 'जमलं तर' सरजाबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

त्यात सरजाबाईंची लेक राजेश्री बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली आणि बारशाचा वाद उभा राहिला. बाळंतपण झरीत तर बारसंही झरीत, हे सरजाबाईंचं म्हणणं. नात आमच्या घराण्याची, पाळणा सेलूतच टांगायचा, हे मंजुषाबाईंचं. दोघी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या, म्हणजे भांडण गंभीर होतं. शेवटी मंजुषाबाईच म्हणाल्या, "खेळावर ठरवू या की. जिला आधी शब्द ओळखता येणार नाही, तिनं बारशाला पाहुणी म्हणून यायचं." दोन दिवसांत निकाल लागेल असा त्यांचा हिशेब होता. पोरीला महिना होत आला तरी निकाल नव्हता, आणि पोरीला नावही नव्हतं. सगळे तिला 'बाई' म्हणत आणि ती कुणाकडेच बघत नसे.

सरजाबाई चिकाटीवर टिकल्या होत्या. अडचण होती ती मानपानाची. ओट्यावर बसून केलेली गोष्ट झरीत एकट्याची राहत नाही. पहिला डाव सरजाबाईंचा, पण पुढचे तीन मानाचे: सरपंच परमेश्वर, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर भागवत, आणि थोरल्या जाऊ केशरबाई. लग्नात नारळ ज्या क्रमानं देतात त्याच क्रमानं. हे तिघं बहुतेक वेळा डाव पाण्यात घालत, आणि उरलेल्या दोनांत सरजाबाई निभावून नेत.

त्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे 'लाईट' टाकला. गावात ज्याची सगळ्यात जास्त वाट बघितली जाते तो शब्द पहिला, असा त्यांचा नेम होता. आणि काय! पहिलं अक्षर काळं पडलं, पुढची चारही हिरवी.

"जिंकलाव की काकू!" सरपंच मांडी बदलत म्हणाले. "आता राईट टाका, राईट. मी म्हणलेलं कवा चुकलंय?"

चुकलं.

"नाईट," भागवत म्हणाले. "निम्मी नोकरी नाईट मुक्कामात गेली माझी. मला न्हाई कळणार तर कुणाला?"

नाईटही गेला. केशरबाईंना इंग्रजीतला एकच शब्द येत होता, तोही लोणच्याच्या बरणीमुळं. "टाईट," त्या म्हणाल्या, आणि बरणी काही उघडली नाही.

सरजाबाईंनी मोबाईल जवळ ओढला. एकाच शेपटीचे एवढे शब्द इंग्रजांनी कशाला पैदा केले असतील? नुसती भावकी! पाचव्या डावात त्यांनी 'फाईट' टाकला, तोही आडवा झाला. मग एकदम डोक्यात अंगणवाडी भरली. सिक्स, सेव्हन, एट. उच्चार वेगळा, पण एटच्या स्पेलिंगची शेपटीही हीच की! त्यांनी घाईनं पहिलं अक्षर दाबलं.

तेवढ्यात आतून जावई योगीराज आले. आदल्या संध्याकाळी मुलीला बघायला आले होते, आत्ताच आंघोळ उरकली होती. सरपंचांनी लगबगीनं जागा दिली.

"जावईबापू! या, या. शेवटचा डाव तुमचा."

"अहो, मला सुचलंय..." सरजाबाई म्हणाल्या.

"जावई घरात असताना सासू डाव टाकती व्हय?" केशरबाई कडाडल्या. "काय रीतभात हाय का न्हाई?"

योगीराजांनी मोबाईलकडे उभ्या उभ्याच नजर टाकली. चार हिरवी अक्षरं दिसली, तेवढं त्यांना पुरलं. "सोपं तर आहे. नाईट."

भागवतांना खोकला आला. सरपंच आभाळ बघायला लागले.

"अहो, तो टाकून झालाय..." आतून राजेश्री ओरडली.

"तू गप गं! चारचौघांत नवऱ्याला टोकतेत का?" केशरबाईंनी तिला दटावलं.

सरजाबाईंनी एकदा स्क्रीनकडं पाहिलं, एकदा जावयाच्या प्रसन्न चेहऱ्याकडं. बारसं एका दिवसाचं, आणि ओट्यावर फजिती झालेला जावई राजेश्रीला जन्माचा. त्यांनी दाबलेलं अक्षर पुसलं आणि निमूटपणे 'नाईट' टाकला. डाव संपला, आणि स्क्रीनवर उत्तर उमटलं: एट. योगीराज म्हणाले, "खेळातच काहीतरी गडबड आहे," आणि चहा प्यायला आत गेले.

थोड्या वेळानं सेलूचा फोन आला.

"मला बाई तिसऱ्यातच आला," मंजुषाबाई म्हणाल्या. "तुमच्या डावाचा रोजचा फोटो नाही आला आज?"

"हारले मी, विहीणबाई."

"अगंबाई! तुमच्या त्या ओट्यावरच्या विद्वानांनी घात केला वाटतं?"

"न्हाई हो. शेवटचा डाव जावईबापूंनी टाकला."

"आमच्या योगीनं?" आवाजात कौतुक होतं. "काय टाकलं?"

"नाईट."

"बरं, मग?"

"नाईट आधीच टाकून झाला होता. वरच दिसत होता. तरी पुन्हा नाईट." सरजाबाईंनी श्वास घेतला. "इंग्रजी तुमीच शिकवलेलं ना त्यांना?"

सेलूच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"तो फोटो कुणाला पाठवला का तुम्ही?"

"अजून न्हाई. बारशाच्या ग्रुपवर टाकावा म्हणते. दोन्हीकडचे पाहुणे हायेत त्यात. माझी हार झाकून कशाला ठेवू?"

"नका टाकू."

"मग बारसं सेलूला कसं गेलं, ते पाहुण्यांना काय सांगू?"

आणखी एक शिट्टी झाली.

"गेलंय कुठं अजून?" मंजुषाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं पाळणा धड आहे का, की आमचा पाठवू?"

"पाठवा की," सरजाबाई म्हणाल्या. "आमच्या पाळण्याची दोरी लय जुनी हाय."