आठ किलोची टेस्ट

मी हुबळीजवळ तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करतो. आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये होतो, आता शेड माझी स्वतःची आहे. अमकं मशीन दुरुस्तीला बेंगळूरला पाठवावं लागेल असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. का म्हणून? आम्ही इथं काय माश्या मारत बसलोय? असा माझा स्वभाव. त्या स्वभावानं माझ्या भावाचं वाटोळं केलं, ते एकदा सरळ लिहून टाकतो.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. अप्पा गेले तेव्हा तो पाचवीत होता, त्यामुळं त्याचा बाप म्हणजे मीच. हुबळीतलं पोरगं, समुद्र म्हणजे सहलीला बघितलेला. पण मित्रांच्या नादानं मुरुडेश्वराकडं गेला आणि तिथं स्कूबा डायव्हिंगचा गाइडच होऊन बसला. सुट्टीवर आलेल्या लोकांना पाण्याखाली न्यायचं, मासे दाखवायचे आणि सुखरूप वर आणायचं, हे त्याचं काम. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. "जमिनीवर काय कमी पडलं रे तुला?" म्हणायची. पण तो घरी आला आणि जेवताना माशांचे रंग सांगायला लागला की तोंड वाकडं करत करत सगळं ऐकायची.

पहिली दोन वर्षं त्यानं मालकाची सामग्री वापरली. मग त्याला स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचा झाला. पाठीवरच्या टाकीत हवा दोनशे किलो प्रेशरनं कोंबलेली असते. ती तशीच तोंडात आली तर माणूस फुटेल. रेग्युलेटर तिला दोन टप्प्यांत उतरवतो: टाकीवर बसतो तो पहिला टप्पा आणि तोंडात धरायचा तो दुसरा. भाऊ सुट्टीला आला तेव्हा मोबाइलवर दोन रेग्युलेटर घेऊन माझ्यासमोर बसला. एक डायफ्रॅमचा. त्यात सुटे भाग जास्त, पण त्याचं सर्व्हिस सेंटर गोव्यात, म्हणजे हाकेच्या अंतरावर. दुसरा पिस्टनचा. भाग मोजके, दणकट, पण दरवर्षी सर्व्हिसला चेन्नईला पाठवावा लागणार.

त्याच्याबरोबरचे सगळे सांगत होते की रेग्युलेटर निवडताना आधी त्याची सर्व्हिस जवळ कुठं होते ते बघ. मी पिस्टनवर बोट ठेवलं. "हाच घे. सर्व्हिस मी करतो की."

"अण्णा, त्याचं किट कंपनीचंच लागतं. ट्रेनिंग घेतलेला माणूस लागतो."

"आणि मी कोण? पंक्चर काढतो काय?"

तो हसला आणि तोच घेतला. माझ्या शब्दाबाहेर जायची त्याला सवयच नव्हती.

पहिल्या वर्षी त्यानं मला न विचारता तो चेन्नईला पाठवला. परत यायला दीड महिना लागला आणि सीझनची सुरुवात त्यानं मालकाच्या जुन्या रेग्युलेटरवर काढली. मी त्याला फोनवर चांगलाच फैलावर घेतला. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात डायव्हिंग बंद असताना तो रेग्युलेटर पिशवीत घालून गुमान माझ्या शेडमध्ये घेऊन आला.

मी तो मन लावून उघडला, हे खरं. मीठ धुतलं, रबरी रिंगा व्हर्नियरनं मोजून माझ्या साठ्यातल्या त्याच मापाच्या नव्या घातल्या. राहिली सीट. सीट म्हणजे पहिल्या टप्प्यातली प्लास्टिकची छोटी चकती. पिस्टनची कड तिच्यावर बसते आणि दोनशे किलोची हवा अडवते. चकतीवर पिस्टनचा गोल वळ उठला होता. ती नवीच घालायची असते, आणि नवी कंपनीच्या किटमध्येच मिळते. मी ती बारीक पॉलिश पेपरवर घासून आरशासारखी केली. मग लेथवर एक ॲडॉप्टर काढला, शेडमधली हवेची लाइन जोडली आणि रेग्युलेटर पाण्याच्या बादलीत बुडवला. माझी लाइन आठ किलोची. हुबळीत डायव्हिंगची टाकी आणणार कुठून?

"बघ," मी म्हणालो, "एक बुडबुडा नाही."

"अण्णा, दोनशेवर बघायला नको?"

"आठवर गळत नाही ते दोनशेवर काय गळतंय? घेऊन जा."

प्रेशरवर पोट असलेल्या माणसानं हे बोलावं! पहिला टप्पा पुढच्या बाजूला नऊ-दहा किलो साठले की मगच बंद होतो. आठ किलोत तो बंद झालाच नव्हता. म्हणजे पिस्टन सीटवर टेकलाच नव्हता, आणि जी चकती मी घासली तिची परीक्षा झालीच नव्हती. हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण मी गुर्मीत होतो, आणि भाऊ बादलीकडं बघत मान डोलावत होता.

सीझन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. भावाची एका दिवसातली तिसरी फेरी, एक नवखा पाहुणा बरोबर. अठरा मीटरवर सीट गेली. भावाच्या तोंडातल्या टप्प्यातून हवा धो धो सुटली, थांबेना. तो फेस बघून पाहुणा घाबरला आणि वर पळत सुटला. त्याला धरायला भाऊ त्याच्यामागं गेला, आणि जे हळूहळू थांबत थांबत चढायचं ते दोघं एका दमात चढले. पाहुण्याला काही झालं नाही. भावाच्या रक्तात मात्र हवेचे बुडबुडे झाले आणि त्याचा डावा पाय बोटीवरच बधिर झाला. प्रेशरच्या खोलीत ठेवून उपचार झाले, महिनाभर दवाखाना झाला. तो चालतो, पण पाऊल उचलत नाही, ओढत नेतो. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याखाली जाणं आता विसर.

दवाखान्यात त्याचा मालक आला होता. मी खाटेजवळच उभा होतो. मालकानं विचारलं, "सर्व्हिस कुणाकडून केली होतीस?"

भावानं माझ्याकडं बघितलं. "केलीच नव्हती," तो म्हणाला, "राहून गेली."

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मालकानं त्याला कामावरून काढलं. पाहुण्याच्या जिवाशी खेळणारा गाइड म्हणून किनाऱ्यावर त्याचं नाव झालं. मी रेग्युलेटर तारिहाळला नेऊन उघडला. सीटचा एक तुकडा उडाला होता. माझंच पॉलिश त्याच्या उरलेल्या भागावर चकाकत होतं.

घरी आल्यावर आईनं त्याला बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. "एवढीशी वस्तू वेळेवर नीट करून घेता येईना तुला? आळशी कुठला! दुसऱ्याच्या लेकराचा जीव घेतला असतास." पाय ओढत संडासला निघाला तरी बोलायची. तो उलट शब्द बोलत नव्हता आणि मी ताटात बघून जेवत होतो. दर रविवारी विहारात आम्ही दोघं शेजारी बसून पंचशील म्हणायचो. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. ते आलं की मी नुसते ओठ हलवायचो, त्याचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू यायचा. शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथंच, तसाच.

पुढं तो हुबळीच्या बाजारात, दाजीबानपेठेत, एका कापडाच्या दुकानात लागला. स्टुलावर बसून कापड मापायचं. माशांबद्दल बोलायचं त्यानं बंद केलं. आई पुढं पुढं बोलायची कमी झाली, पण रोख गेला नाही.

दीड वर्षानं त्यानं रेग्युलेटर विकायला काढला. एका रविवारी सकाळी धारवाडहून एक बाई बघायला आल्या. कॉलेजात शिकवतात, नुकत्याच डायव्हिंग शिकलेल्या. हातात घेऊन नीट बघितला आणि विचारलं, "याची शेवटची सर्व्हिस कधी झाली?"

"मी केली नव्हती, मॅडम," भाऊ म्हणाला. "आतली सीट फुटलीय. सर्व्हिस सेंटरला पाठवून सगळं नवं घातल्याशिवाय वापरू नका."

आतून आई म्हणाली, "तो कशाला करतोय! केली असती तर असा बसला असता काय?"

"मी केली होती," मी म्हणालो.

"अण्णा, सुम्नीर." गप्प बस, म्हणाला कानडीत. मला तो असं कधीच बोलला नव्हता.

पण मी गप्प बसलो नाही. चेन्नईला पाठवू दिला नाही ते, सीट घासली ते, आठ किलोवर टेस्ट केली ते, सगळं सांगितलं. बाईंनी रेग्युलेटर हळूच टेबलावर ठेवला आणि पुन्हा येते म्हणून निघून गेल्या. आई दारात उभी होती.

"हे तुझ्यामुळं झालं ते तुला कधीपासून ठाऊक होतं?" तिनं मला विचारलं.

"पहिल्यापासून."

ती माझ्याजवळ आली नाही. भावाच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्याच्या डाव्या पायावर हात ठेवला. "काय काय बोलले रे मी तुला," म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी भावाला विचारलं, "दवाखान्यात माझं नाव का नाही घेतलंस?"

"परक्या माणसासमोर तुझं नाव कसं घेऊ?" तो म्हणाला. "तेवढ्यापुरतं बोललो. घरी आल्यावर आईला तू सांगशील असं वाटलं होतं. संध्याकाळी तू शेडमधून आलास की रोज वाटायचं, आज सांगेल. बुद्धपौर्णिमेपर्यंत वाट बघितली, अण्णा. मग सोडून दिलं."

तो रागानं बोलला असता तर मी त्याचे पाय धरले असते. राग नव्हताच. तो आईचे डोळे पुसत होता. थोड्या वेळानं आई उठली, तिनं चहा टाकला आणि दोन कप घेऊन बाहेर आली. एक भावाच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन त्याच्याशेजारी बसली.